भाद्रपदातलं विरजण

पोळ्याच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत वृंदाताई डोळक्यांना एक काम उरकायचं होतं.

बाहेर धामणखेडची मिरवणूक चालली होती. गावात बैलजोड्या आता सातच उरल्या होत्या, त्यामुळे मागे पाच ट्रॅक्टरांनाही झूल चढवून, बेगड लावून ओळीत उभं केलं होतं. वृंदाताईंचं त्याकडे लक्ष नव्हतं. त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. समोर निळ्या झाकणाचं एक मातीचं गाडगं होतं, तळाशी सतरा आकडा कोरलेला.

उद्या भाद्रपद लागत होता. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही आणि कार्तिकात डाळी-कडधान्य नाही, हा वृंदाताईंचा एकतीस वर्षांचा नेम. बाळंतपणात मोडला नाही, सासूबाईंच्या आजारपणात मोडला नाही. आणि चैत्रात त्यांनी डॉक्टर ओवी मोहोडला शब्द दिला होता, की या गाडग्यातलं दही रोज दुपारी एक वाटी खाईन. शब्द देताना भाद्रपद काही डोक्यात आला नव्हता.

"तुझ्या देवाला आणि तुझ्या डॉक्टरणीला एकदा समोरासमोर बसव," विलासराव झोपाळ्यावरून म्हणाले. "दोघं मिळून ठरवतील."

"तुम्ही पाणी प्यायलात का चारचं?"

"प्यायलो गं. आता मला घागरच बांध गळ्यात."

वृंदाताई हसल्या, पण मनातून त्यांना काही सुचत नव्हतं. त्यांना भीती होती ती कळेची. दोन वेळा त्यांना मुतखडा झाला होता. दुसऱ्या खेपेला दुर्बीण घालून तो फोडावा लागला. त्या रात्री बरगडीखालून जांघेपर्यंत जी कळ गेली, तिच्यापुढे बाळंतपण परवडलं, असं त्या नर्सला म्हणाल्या होत्या. पुन्हा ती कळ नको, एवढंच त्यांना हवं होतं.

दह्याचा प्रश्न त्यांनी रात्रभर विचार करून सोडवला होता. व्रत चालवायचं. दुपारी दह्याऐवजी वाटीभर दूध घ्यायचं. फोनवर रोज प्रश्न येतो, 'आज दही खाल्लं का?' तिथे खरं तेच लिहायचं, 'नाही.' राहता राहिलं विरजण. दही लावायचं थांबलं की आठ दिवसांत ते मरणार. ते कुणाच्या तरी घरी जगवायला हवं.

त्यांनी वाटीत दोन चमचे दही काढलं, पदराखाली धरलं आणि शेजारी रंजना इंगळेच्या दारात गेल्या. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नसतं, म्हणून पावलं भराभर टाकली.

"या वं काकू! नेमक्या आल्या," रंजना पुरणाच्या हातानंच बाहेर आली. "माह्यं विरजण पार आंबून गेलं. पुरणापायी दोन दिवस कोणी पाह्यलंच नाही त्याच्याकडं."

"मग हेच लाव. आणि महिनाभर जगव बाई. आश्विनात मी परत मागून नेईन."

"जगवते ना. तुमचं दही त कवडीसारखं लागते."

रंजनाने वाटी घेतली तेव्हा भिंतीवर अजून हातभर ऊन होतं. वृंदाताई निर्धास्त मनानं घरी आल्या.

हे सारं सुरू झालं होतं ते चैत्रात. धामणखेड खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. आता चौकात शुद्ध पाण्याचं यंत्र बसलं होतं, तरी घराघरात कुणाला ना कुणाला खडा होताच. नागपूरच्या प्रयोगशाळेतून तिशीची एक काटक मुलगी आली, तीस घरं निवडली आणि प्रत्येक घरी दोन वस्तू दिल्या. एक दह्याचं गाडगं. दुसरी, न्हाणीघरात शौचाच्या भांड्याच्या आत चिकटवायची सुपारीएवढी डबी. डबीचं नाव पारखी. लघवीत खडा धरण्याजोगा साका किती आहे ते ती ओळखायची आणि भिंतीवरच्या काचेत आकडा दाखवायची. पाचाच्या आत हिरवा, पाच ते आठ पिवळा, त्यावर लाल. वृंदाताईंचा पहिला आकडा होता नऊ.

"काकू, खडीसाखर कशी करतात?" ओवीने त्यांच्याच ओट्याला टेकून विचारलं होतं.

"दाट पाकात दोरा सोडायचा. दोऱ्यावर खडे धरतात."

"आणि पाक पातळ असला तर?"

"मग कसले धरतात!"

"झालं तर. मूत्रपिंडात हेच होतं. पाणी कमी प्यायलं की पाक दाट. तुम्ही दिवसाला किती पाणी पिता?"

"चार पेले. खारं पाणी अंगात खडे करतं म्हणून भीतभीतच पीत आले."

"म्हणजे पाण्याला घाबरून तुम्ही पाकच आटवलात," ओवी म्हणाली. "पाण्यातल्या क्षारांचा वाटा थोडा. पाणी कमी पिण्याचा मोठा. आपल्या या उन्हात तर लघवी अडीच लिटर व्हावी इतकं पाणी पोटात जायला हवं. त्यात लिंबू पिळलंत तर आणखी चांगलं, लिंबातलं आम्ल कणाला कण चिकटू देत नाही. आणि मीठ कमी. मीठ वाढलं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं."

मग तिने ऑक्झलेटची गोष्ट सांगितली. हा पदार्थ झाडपाल्यात असतो. पालकात, अळूत, राजगिऱ्यात, शेंगदाण्यात, रताळ्यात, चहातसुद्धा.

"अगं बाई, ही तर माझ्या एकादशीच्या ताटाची यादी झाली!"

"आणि त्या ताटात दूध-दही असतं का?"

नव्हतं. पहिल्या खड्याच्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं, खडा कॅल्शियमचा आहे, दूध-दही तोडा. वृंदाताईंनी तोडलं होतं.

"उलटं झालं," ओवी म्हणाली. "ऑक्झलेट आणि कॅल्शियम पोटातच भेटले, तर दोघं हात धरून शौचावाटे निघून जातात. पोटात कॅल्शियम नसलं, की ऑक्झलेट एकटंच रक्तात शिरतं, आणि मग त्यांची गाठ पडते ती थेट मूत्रपिंडात. म्हणून शेंगदाण्याच्या आमटीबरोबर दह्याची वाटी हवीच."

गाडग्यातलं दही मात्र त्याच्याही पुढचं होतं. माणसाच्या आतड्यात ऑक्झलेट खाणारे जिवाणू मुळात असतात, पण जंतुनाशक गोळ्यांनी ते मरून जातात. त्यांच्यातला तो खाण्याचा गुण प्रयोगशाळेने दह्याच्या जिवाणूत बसवला होता. आधीच्या चाचण्यांत तो निर्धोक ठरला होता. आता तो खरंच खडे टाळतो का, ते पाहायचं होतं. तीस घरांपैकी पंधरा गाडग्यांत हे नवं विरजण होतं, पंधरांत साधंच. कुणाकडे कोणतं, ते ओवीलाही ठाऊक नव्हतं. पाणी, लिंबू, कमी मीठ सगळ्यांना सारखंच. कागदावर नियम लिहिले होते. त्यात एक होता, 'हे दही घराबाहेर देऊ नये.' वृंदाताईंनी तो वाचला होता. कधी कुणाला वाटीभर दही दिलं नव्हतं. विरजणाचे दोन चमचे म्हणजे दही देणं, हे त्यांच्या मनात आलंच नाही. विरजण काही दिल्या-घेतल्यात धरत नाहीत, शेजारणीला नाही म्हणत नाहीत, इतकंच त्यांना लहानपणापासून माहीत.

आषाढापर्यंत नवाचा आकडा चारवर आला होता.

भाद्रपदाचे पहिले दहा दिवस तो चारच राहिला. मग पाच झाला. पितृपक्ष लागला तेव्हा काचेवर पिवळा सहा होता. वृंदाताई रोज सकाळी पूजेआधी तो आकडा पाहत. व्रत मोडावंसं एकदाही वाटलं नाही, पण हातावर हात धरून बसल्याही नाहीत. पाण्याचे पेले दहाचे चौदा केले, दोन लिंबांची तीन केली. जपाच्या प्रत्येक माळेनंतर एक पेला, असा हिशेब लावला. "देवाचं नावही होतं आणि पाणीही," त्या विलासरावांना म्हणाल्या. सहावर चढलेला आकडा सहावरच थांबला. पण खाली काही येईना.

अविधवा नवमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओवीची गाडी दारात थांबली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"काकू, रोज नाही, नाही असं उत्तर. चोवीस दिवस. यंत्राने तुमचं नाव गळालेल्यांत टाकलंय."

"दधिव्रत आहे गं माझं. लिहायला जागा नव्हती तिथे. फक्त हो आणि नाही."

ओवी ओट्याशी बसली. रागावलीही नाही. "आता काही फरक पडत नाही. चाचणीच बंद होतेय. उद्या अकराला समितीची बैठक आहे. परवा कुणाकडे काय होतं ती यादी उघडली. नवं विरजण असलेली घरं हिरवी आहेत, आणि साधं असलेलीही जवळजवळ सगळी हिरवी. म्हणजे दह्याने काही केलं नाही, जे केलं ते पाण्याने आणि लिंबानेच, असा अर्थ निघतो. तीन वर्षं गेली माझी. उद्या गाडगी गोळा करून विरजण नष्ट करायचं."

"साधं कुणाकडे होतं?"

"तुमच्याकडे नवं होतं. साध्याची बरीच आहेत. तुमच्या शेजारी रंजनाकाकू, समोर मास्तरांकडे कुंदाकाकू…"

वृंदाताईंच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. रंजनाकडे साधं होतं. पोळ्यापर्यंत.

ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. गप्प राहिलं असतं, तर बोल लागला असता तो दह्याला. झोपाळ्याची करकर थांबली होती, विलासराव त्यांच्याकडेच पाहत होते. वृंदाताईंनी तांब्या खाली ठेवला.

"ओवी, चूक माझी आहे. रंजनाला मी विरजण दिलं. पोळ्याला. आणि तिने पुढे कुणाकुणाला दिलं असेल, देव जाणे."

ओवी उठून उभी राहिली. आधी तिचे डोळे चमकले, मग चेहरा कठीण झाला. "काकू, ज्यांना हे विरजण मिळालं त्यांना आपण सांगितलं नव्हतं, ते आपल्या पोटात जाणार म्हणून. साध्या गाडग्यावर सही केली म्हणून काय झालं? रंजनाकाकूंच्या घरी पाहुणे जेवले असतील, मुलं जेवली असतील. माणसांना न विचारता त्यांच्यावर प्रयोग झाला हा."

असं कुणी वृंदाताईंना आजवर बोललं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. "खरंय. मग आता विचारू. मी येते तुझ्याबरोबर घरोघर. आधी मी हात जोडीन, मग तू विचार."

तीन वाजता दोघी निघाल्या. रंजनाने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मले एवढंच समजते, का ह्यायच्या कमरेत दोन वर्षांत पह्यल्यांदा महिना बिनकळेचा गेला. आता त्याले प्रयोग म्हना का परसाद म्हना."

"तू पुढे कुणाला दिलंस?" वृंदाताईंनी विचारलं.

"महालक्ष्म्यायच्या आंबिलीले ताक लागते ना वं! कुंदावहिनीनं नेलं, ढोरेबाईनं नेलं, खालच्या आळीतून चौघी आल्या. आवाहनाच्या दिवशी. त्यायच्याकडून अनंत चतुर्दशीले अजून पाच घरी गेलं, मले सांगतलं त्यायनं."

ओवी टिपून घेत होती. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिने पिशवीतली पडद्याची पाटी उघडून घरोघरच्या पारखीचे आलेख समोर धरले. रंजनाची रेघ पोळ्यानंतर आठव्या दिवशी खाली वळली होती. आवाहनाला विरजण नेलेल्या सहा घरांच्या रेघा त्यानंतर आठवड्याने. अनंत चतुर्दशीच्या पाच घरांच्या आणखी आठवड्याने. राहिलेल्या तीन साध्या घरांत कुणी विरजण नेलं नव्हतं. तिथल्या रेघा पाण्याने थोड्या उतरून पिवळ्यातच थांबल्या होत्या.

"काकू," ओवी हळूच म्हणाली, "बघा ना. विरजण ज्या दिवशी घरात शिरलं, त्यावर बेतून प्रत्येक घराचा आकडा पडलाय. आणि तुमचा एकटीचा चढलाय, कारण तुम्ही सोडलंत. दिलं की उतरतो, काढलं की चढतो. मी सात जन्मांत अशी चाचणी आखली नसती."

"मी तरी कुठे आखली?"

"पण सहाच्या वर का गेला नाही तुमचा?"

"जपाला पाणी जोडलं."

ओवीला हसू आवरेना. मग ती एकदम सावध झाली. "तिथींवर समिती विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक घरचं दही तपासून, त्यात आपलाच जिवाणू आहे हे दाखवायला हवं. गाडीतलं यंत्र रात्रीत तपासून देईल. चला, नमुने घेऊ."

बारा घरं फिरून, हकीगत सांगून, सह्या घेऊन होईपर्यंत ऊन उतरलं. हात जोडणं बहुतेक ठिकाणी पहिल्याच वाक्याला थांबवलं गेलं. कुंदा मास्तरीण मात्र दारातच उभी राहिली.

"म्हणजे आम्हाला उंदीर केलंत म्हणा ना, वृंदाताई. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"नव्हतीच. चुकलं माझं."

"मी सही करणार नाही. आणि दहीही देणार नाही."

"तुमचा हक्क आहे तो," ओवी म्हणाली आणि त्या घरापुढे तिने फुली मारली.

नमुन्याच्या कुप्या घेऊन दोघी परत रंजनाच्या दारी आल्या, तर तिने तुळशीपाशी दिवा लावला होता.

"काकू, चमचाभर दही द्या यात," ओवीने कुपी पुढे केली.

रंजनाने जीभ चावली. "दिवा लागला न् वं बाई. आता विरजण देत नसतात. सकाळी घेऊन जा."

"सकाळी उशीर होईल! पहाटे निघायचंय मला. आणि हे विरजण नाही, नमुना आहे."

"दही वाटीतून बाहेर गेलं म्हंजे गेलं. त्याले नमुना म्हनलं तरी लक्ष्मी जातेच."

ओवीने वृंदाताईंकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं असतं तर रंजनाने दिलंही असतं. पण पोळ्याला एकदा सवयीने शेजारणीच्या घरात नको ते शिरलं होतं, आता तिच्या मनाविरुद्ध काही काढायला वृंदाताई तयार नव्हत्या.

"रंजना, पोरगी सकाळपासून उपाशी आहे. तिला जेवायला वाढशील?"

"हे काय विचारनं झालं?"

"डाव्या बाजूला दही वाढ. ताटात वाढलेलं जेवणाऱ्याचं. मग तिने ते पोटात घालावं नाहीतर कुपीत."

रंजना पदर तोंडाला लावून हसत सुटली. "काकू, तुम्ही वकील व्हायले पायजे होतं!"

त्या संध्याकाळी डॉक्टर ओवी मोहोड अकरा घरी जेवायला बसली. प्रत्येक घरी पाट, ताट, डावीकडे चमचाभर दही आणि उजवीकडे निदान एक घास, कारण नुसतं दही वाढणं कुणाच्याच मनाला येईना. दही कुपीत, घास तोंडात. सहाव्या घरी तिने पोटावर हात ठेवला. नवव्या घरी ती म्हणाली, "काकू, हे मी अहवालात कसं लिहू?" वृंदाताई प्रत्येक ठिकाणी तिच्या शेजारी बसल्या, ताट न घेता, पाण्याचा पेला हातात धरून.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला सकाळी घट बसले. तिसऱ्या प्रहरी ओवीचा फोन आला. अकराही कुप्यांत तोच जिवाणू निघाला होता, आणि समितीने चाचणी बंद केली नव्हती. आधीचा निकाल बाजूला ठेवून, साऱ्या गावाची संमती घेऊन, आणखी सहा महिने ती चालणार होती. ओवीला लेखी समज मिळाली होती.

"माझ्यामुळे गं," वृंदाताई म्हणाल्या.

"मिळायलाच हवी होती. कागदावर 'दही' लिहिलं, 'विरजण' लिहिलं नाही. माझी आई रोज शेजारी विरजण देते, तरी मला सुचलं नाही. आता बंदी नाही काकू. द्या, पण दिलं की तारीख कळवा."

"तारीख कोण लक्षात ठेवतं? तिथी कळवू."

"तिथी चालेल. आणि फोनवर एक नवीन प्रश्न टाकलाय. बघा."

वृंदाताईंनी चष्मा लावला. 'या महिन्यात काय वर्ज्य आहे?' असं होतं, आणि खाली लिहायला चांगली ऐसपैस जागा. त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'दूध.'

उत्तर लगेच पलीकडे पोचलं. "काकू! आता दूध बंद?"

"दही आहे ना आता."

फोन ठेवला तोच फाटक वाजलं. रंजना आली होती, हातात वाटी, वर पानाचं झाकण. तिच्या मागे कुंदा मास्तरीण होती. अंगणातच थांबून ती म्हणाली, "माझंही नाव लिहायला सांगा त्या पोरीला. या खेपेला विचारलंत म्हणून."

"आत तरी ये."

"येते. पण आधी हे घ्या," कुंदाने रंजनाच्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं. "ऊन सरतंय."

भिंतीवर अजून वीतभर ऊन होतं. वृंदाताईंनी दोन्ही हातांनी वाटी घेतली. दूध आधीच तापवून ठेवलेलं होतं. करंगळी बुडवून पाहिली, बेताचं कोमट. सतरा नंबरच्या गाडग्यात त्यांनी ते ओतलं, वाटीतले दोन चमचे त्यात सोडले आणि अलगद ढवळलं. निळं झाकण ठेवलं, वर जुन्या लुगड्याची घडी घातली आणि गाडगं कोपऱ्यात सरकवलं.

"आताच खा ना वं काकू थोडं," रंजना म्हणाली. "महिना झाला. वाटीत उरलं हाय."

"उद्या खाईन. याचंच," वृंदाताई म्हणाल्या आणि तिघींसाठी पाणी आणायला उठल्या. जाता जाता त्यांनी विलासरावांना बजावलं, की कोपऱ्यातल्या गाडग्याला सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.